ठिपका केवढा पडतो

मागच्या रांगेतला माणूस डोळे बारीक करून पडद्याकडे बघतो तेव्हा त्याची अडचण साधी असते: तिथे 'घर' लिहिलंय की 'धर'? 'भात' की 'मात'? 'वश' की 'वंश'? देवनागरी लिपी प्रोजेक्टरची परीक्षा घ्यायला फार चांगली. ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषेला जराशी फट असते. घ आणि म यांच्यावरून रेघ सलग जाते. अक्षर लहान असलं की ही फट पडद्यावर एक किंवा दोन पिक्सेलांची, म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांनी बनतं तेवढ्या एक-दोन ठिपक्यांची उरते, आणि अनुस्वाराचा टिंब तेवढाच. आता १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र प्रोजेक्टरच्या आत चित्र घडवणाऱ्या ८५४ पिक्सेलांच्या पॅनेलमध्ये कोंबलं, की आडव्या दिशेने सव्वादोन पिक्सेलांना मिळून एकच जागा मिळते. उभ्या दिशेनेही तेच. म्हणजे मूळ चित्रातले साधारण पाच पिक्सेल एकात कालवले जातात. फटीतला पांढरा आणि शिरोरेषेतला काळा मिळून राखाडी होतो, आणि ध चा घ होतो.

गंमत अशी की हे चित्र दाखवणाऱ्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर '१०८०पी' असं ठळक छापलेलं असू शकतं, आणि ते शब्दशः खोटंही नसतं. पूर्ण वाक्य '१०८०पी सपोर्टेड' असं असतं, आणि सगळी मेख त्या 'सपोर्टेड'मध्ये आहे. तार जोडली तर १९२० बाय १०८० चा सिग्नल आत घेता येतो, एवढाच त्याचा अर्थ. आत घेतल्यावर तो किती पिक्सेलांवर उमटतो हे सांगणारा शब्द वेगळा: नेटिव्ह, किंवा काही कंपन्यांच्या भाषेत फिजिकल. तपशिलाच्या तक्त्यात नेमकी हीच ओळ शोधायची. 'सपोर्टेड', 'कम्पॅटिबल', 'मॅक्झिमम', 'डिकोडिंग' हे शब्द आले की ते येणाऱ्या सिग्नलबद्दल बोलतायत, पॅनेलबद्दल नाही. नेटिव्हचा आकडा कुठेच दिला नसेल तर तो सांगण्यासारखा नाही असंच धरून चालावं.

आकडे एकदा नजरेखालून घालू. एसव्हीजीए म्हणजे ८०० × ६००, एक्सजीए १०२४ × ७६८, डब्ल्यूएक्सजीए १२८० × ८००, ७२०पी म्हणजे १२८० × ७२०, फुल एचडी किंवा १०८०पी म्हणजे १९२० × १०८०, डब्ल्यूयूएक्सजीए १९२० × १२००, आणि घरगुती ४के ३८४० × २१६०. सिनेमागृहातलं ४के जरा रुंद, ४०९६ × २१६०. एकूण पिक्सेल मोजले तर ७२०पीचे सव्वानऊ लाखांच्या आत, फुल एचडीचे २०.७ लाख, ४केचे ८३ लाख. पायरीगणिक उडी केवढी मोठी आहे हे यावरून कळतं, पण ती डोळ्याला दिसेल की नाही हे मात्र यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी आधी पडदा मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. १६:९ प्रमाणाच्या पडद्याचा कर्ण इंचात घेऊन त्याला २२.१४ ने गुणलं की रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते. १०० इंची पडदा म्हणजे २२१४ मिलिमीटर, जवळपास सव्वादोन मीटर. या रुंदीला आडव्या पिक्सेलांनी भागायचं. ८५४ चं पॅनेल असेल तर एक ठिपका २.६ मिलिमीटरचा, ७२०पीचा १.७३, फुल एचडीचा १.१५, आणि ४केचा ०.५८ मिलिमीटरचा. फुल एचडीचा ठिपका म्हणजे मोहरीच्या बारीक दाण्याएवढा. पडद्याजवळ नाक नेलं तर सहज दिसतो.

आता डोळा. नजर उत्तम असलेला माणूस साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा वेगळा ओळखतो. एक मीटरवर हे माप ०.२९ मिलिमीटर होतं, तीन मीटरवर ०.८७, चार मीटरवर १.१६. ही दोन मापं शेजारी ठेवली की प्रश्न बराचसा सुटतो. १०० इंची पडद्यावरचा फुल एचडीचा १.१५ मिलिमीटरचा ठिपका चार मीटरवरून शेजारच्या ठिपक्यात विरघळतो. ७२०पीचा विरघळायला सहा मीटर लागतात, ८५४ वाल्याचा जवळजवळ नऊ, आणि ४केचा दोनच मीटरमध्ये. पडदा कितीही इंची असो, हिशोब एकच: फुल एचडीला पडद्याच्या रुंदीच्या १.८ पट अंतर, ४केला ०.९ पट. खुर्ची याहून मागे असेल तर जास्तीच्या पिक्सेलांसाठी मोजलेले पैसे डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत.

हा कायदा नाही, अंदाज आहे. तिरक्या रेषेतली पायरी आपला डोळा एका कलेहून बरीच बारीक असली तरी टिपतो. त्यामुळे ठिपके विरघळले तरी अक्षराच्या तिरक्या काठावरचे दाते थोडा काळ जाणवत राहतात. तरीही १०० इंची पडदा आणि साडेचार मीटरवर सोफा असेल, तर चांगलं फुल एचडी सोडून स्वस्त ४केच्या मागे धावण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. तेच पैसे लेन्स, काळोखाचा गडदपणा आणि लुमेन्सवर, म्हणजे उजेडावर, लावले तर रोज दिसतील. बारकावा दिसतो तो उजेड-अंधाराच्या फरकातून. खोलीतल्या दिव्याने काळा रंग राखाडी झाला की ८३ लाख पिक्सेलही फिक्या धुक्यासारखे दिसतात. उलट खुर्ची अडीच मीटरवर आणि पडदा १२० इंची असेल तर फुल एचडीचा ठिपका १.३८ मिलिमीटरचा पडतो आणि डोळ्याची मर्यादा ०.७३ मिलिमीटरवर येते. तिथे ४के हवंच.

पण ४के म्हणजे तरी नेमकं काय, हा खरा गुंत्याचा भाग.

डीएलपी प्रोजेक्टरच्या आत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची चिप असते, तिच्यावर सूक्ष्म आरशांची फौज. लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये या चिपचा शोध लावला. आज घरगुती ४के डीएलपीमध्ये सर्रास सापडणारी चिप ०.४७ इंच कर्णाची आहे, आणि तिच्यावर आरसे आहेत १९२० × १०८०, म्हणजे फुल एचडीएवढेच. एका आरशाचं अंतर ५.४ मायक्रॉन, सगळी ओळ मिळून एक सेंटिमीटरच्या जरा पुढे. मग ८३ लाख ठिपके येतात कुठून? लेन्सच्या वाटेत एक पातळ काच बसवलेली असते. ती सेकंदाला २४० वेळा किंचित कलते आणि सगळं चित्र अर्ध्या पिक्सेलने बाजूला, खाली, परत बाजूला असं चार जागी टाकते. २०.७ लाख गुणिले चार, झाले ८३ लाख. ०.६६ इंची चिपवर २७१६ × १५२८, म्हणजे साडेएकेचाळीस लाख आरसे असतात. तिथे दोनच जागा पुरतात. तीन एलसीडी पॅनेलांच्या प्रोजेक्टरांपैकी काहींत फुल एचडी पॅनेलं घेऊन चित्र तिरकं दोन जागी टाकतात. तिथे पडद्यावर साडेएकेचाळीस लाख ठिपकेच येतात, पण जाहिरातीत शब्द ४केचाच. आणि खरोखरी जेवढे पिक्सेल तेवढेच पॅनेलवर असलेले प्रोजेक्टर म्हणजे प्रामुख्याने एलकॉस जातीचे (यात प्रकाश एलसीडीच्या आरपार न जाता तिच्या मागच्या आरशासारख्या थरावरून परततो), सोनी आणि जेव्हीसीने वर्षानुवर्षं केलेले. ते महाग असतात ते उगीच नाही.

ही सरकवण्याची युक्ती फसवी म्हणावी का? मला तसं वाटत नाही, पण तिची मर्यादा ठाऊक हवी. ठिपक्याचा मध्य अर्ध्या पिक्सेलने सरकला तरी ठिपका स्वतः लहान होत नाही. १०० इंची पडद्यावर तो १.१५ मिलिमीटरचाच राहतो, फक्त ०.५८ मिलिमीटरची पावलं टाकतो. जाड टाकाने बारीक अक्षर काढल्यासारखं हे आहे: वळण सुबक येतं, पण दोन रेघांमधली फट जरा भरून जाते. चित्रपटात हा फरक शोधूनही सापडत नाही. एक पिक्सेल जाडीच्या रेषांचा नकाशा किंवा यंत्राचं रेखाचित्र लावलं, की काळ्या-पांढऱ्याच्या जागी जरा फिकी जोडी दिसते. फुल एचडी पॅनेल दोनच जागी सरकवणाऱ्या यंत्रात हा फिकेपणा अधिक. शिवाय खेळ खेळणाऱ्यांसाठी अशा अनेक प्रोजेक्टरांत १२० किंवा २४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या चित्रांची, सोय असते. तिथे ती काच थांबवलेली असते आणि चित्र गुपचूप फुल एचडीवर उतरलेलं असतं. दोन्ही एकदम मिळतील असं गृहीत धरू नये.

विकत घेताना किंवा घेतल्यावर लगेच नेटिव्ह रेझोल्यूशन तपासायचं असेल तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगवर विसंबू नका. प्रोजेक्टर तारेवरून लॅपटॉपला स्वतःची एक यादी पाठवतो आणि लॅपटॉप तीच दाखवतो. ८५४ च्या पॅनेलवाल्याने यादीत १९२० लिहून पाठवलं की लॅपटॉपही निमूट '१९२० × १०८०' म्हणतो. खरी परीक्षा अशी: पेंटसारख्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये २ × २ पिक्सेलांचं चित्र करा, डावा स्तंभ काळा, उजवा पांढरा. ते पीएनजी म्हणून जतन करा. जेपीईजी नको, तो स्वतःच रेषा माखवतो. लॅपटॉपचं रेझोल्यूशन दाव्याइतकं ठेवा, स्केल १०० टक्क्यांवर आणा, आणि हे चित्र वॉलपेपर म्हणून 'टाइल' पर्यायाने लावा. प्रोजेक्टरवर कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करण्याची सोय) शून्य, डिजिटल झूम १०० टक्के, शार्पनेस मधोमध. आता पडद्यापासून हातभर अंतरावर जाऊन बघा. दावा खरा असेल तर एकाआड एक काळ्या-पांढऱ्या उभ्या रेषा सगळ्या रुंदीभर सारख्या दिसतील. पॅनेल लहान असेल तर एकसंध राखाडी दिसेल, किंवा कुठे रेषा, कुठे राखाडी, पुन्हा रेषा, असे दारावरच्या पडद्याच्या चुण्यांसारखे लहरते पट्टे. हे पट्टे एकदा ओळखीचे झाले की तक्ता वाचायची गरजही फारशी उरत नाही. मध्यभागी रेषा स्वच्छ आणि कोपऱ्यांत राखाडी असेल तर पॅनेल खरं आहे, लेन्स कमी पडतेय.

लेन्सबद्दल फार कमी बोललं जातं. एक सेंटिमीटरची चिप सव्वादोन मीटर होते, म्हणजे दोनशे पटींहून जास्त वाढ. चिपपाशी झालेली एका मायक्रॉनची चूक पडद्यावर ०.२ मिलिमीटर. फुल एचडीला ती खपून जाते, ४केच्या ०.५८ मिलिमीटरच्या पावलात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. हलक्या लेन्सची खूण म्हणजे कडेच्या पांढऱ्या अक्षरांना एका बाजूला तांबडी आणि दुसऱ्या बाजूला निळी किनार. मात्र अशी किनार मध्यभागीही सारखीच दिसत असेल आणि प्रोजेक्टर तीन पॅनेलांचा असेल, तर दोष लेन्सचा नाही. लाल, हिरवं, निळं ही तीन पॅनेलं एकमेकांवर तंतोतंत बसलेली नाहीत. अर्ध्या पिक्सेलचा फरक कारखान्यातूनच येऊ शकतो. पुष्कळ यंत्रांत पॅनेल अलाइनमेंटचा मेनू असतो. तो रंग सरकवून किनार घालवतो, पण पूर्ण पिक्सेलाहून कमी सरकवला तर तो रंग किंचित पसरतोही. एका चिपच्या डीएलपीला ही कटकट नाही.

आणि मग येतो कीस्टोन. विकत घेतलेले पिक्सेल सर्वांत सहज उधळायचा मार्ग हाच. प्रोजेक्टर खालून वर तिरका ठेवला की चित्राचा माथा रुंदावतो आणि समलंब चौकोन होतो. कीस्टोनचं बटण दाबलं की आतला प्रोसेसर वरच्या ओळी आवळतो. समजा सर्वांत वरची ओळ १९२० वरून १६०० पिक्सेलांवर आली; आता त्या ओळीतली १९२० ठिपक्यांची माहिती १६०० मध्ये बसवायची. अक्षरांच्या उभ्या रेघा कुठे एक पिक्सेल जाड, कुठे दोन. बाजूला मोकळे पडलेले पिक्सेल काळे धरलेले असतात, पण पूर्ण काळे होत नाहीत, म्हणून पडद्याबाहेर राखाडी पाचर दिसते. डिजिटल झूमचंही तसंच: ७५ टक्क्यांवर आणलं की उरतात १४४० × ८१०, म्हणजे २०.७ लाखांतले ११.७ लाख. छोट्या प्रोजेक्टरांमध्ये ऑटो कीस्टोन धक्का लागला की आपलं आपण चालू होतं, हे विशेष ध्यानात ठेवावं.

उपाय जागा ठरवण्यात आहे. थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून पडद्याचं अंतर भागिले चित्राची रुंदी. १.२ थ्रोचं यंत्र १०० इंची चित्रासाठी २.६६ मीटरवर लागतं. हे गणित खरेदीआधी करून, यंत्र पडद्याला काटकोनात आणि लेन्स त्या मॉडेलला लागेल त्या उंचीवर बसवलं तर कीस्टोन शून्यावर राहतो. जागेची अडचण असेल तर लेन्स शिफ्ट असलेलं यंत्र बघावं. तिथे लेन्स प्रत्यक्ष सरकते, म्हणून एकही पिक्सेल खर्ची पडत नाही.

तारेतही पिक्सेल हरवतात. एचडीएमआय १.४ वर ४के चालतं, पण सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच. माउसचा बाण अडखळत चालतो. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, त्यावर ६० हर्ट्झचं ४के पूर्ण रंगांसकट जातं, मात्र रंग आठ बिटांचे. एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारी पद्धत) लावून दहा बिट केले की रंगांची माहिती कमी करावी लागते: कधी दोन, कधी चार पिक्सेलांना मिळून एकच रंग. चित्रपटात कळत नाही, निळ्या पार्श्वभूमीवरची तांबडी बारीक अक्षरं मात्र फुटल्यासारखी दिसतात. लॅपटॉपसाठी वापरताना एचडीआर बंद ठेवलेला बरा. मधे जुना ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला एचडीसीपी २.२, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, येत नसेल तर संरक्षित ४के चित्र १०८०पीवर घसरतं किंवा येतच नाही. साधी तांब्याची तार पाचेक मीटरच्या पुढे १८ गिगाबिटला दगा देऊ लागते: पांढरे कण चमकतात, चित्र क्षणभर जातं. लांब पल्ल्याला ऑप्टिकल एचडीएमआय तार घ्यावी. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. भिंतीत किंवा छतात गाडण्याआधी ती जमिनीवर पसरून, चित्र लावून, तासभर चालवून बघावी. उलटी गाडलेली तार ही फार महागडी चूक.

अक्षरांसाठी प्रोजेक्टर घेणाऱ्यांनी आणखी एक हिशोब करायला हवा. दृष्टी तपासणीच्या तक्त्यात ६/६ ची ओळ पाच कलांच्या उंचीची असते. ती जेमतेम वाचता येणारी. आरामात वाचायला तिप्पट-चौपट उंची लागते. पाच मीटरवर बसलेल्याला म्हणजे २२ ते २९ मिलिमीटर, १०० इंची फुल एचडी पडद्यावर १९ ते २५ पिक्सेल. वर वेलांटी आणि खाली उकार येणाऱ्या लिपीला यातली वरची बाजू धरावी. इथे ४के घेऊन स्केल १०० टक्क्यांवर ठेवलं तर १२ पिक्सेलांचं अक्षर १४ वरून ७ मिलिमीटरवर येतं, आणि मागच्या रांगेचे हाल पूर्वीपेक्षा वाढतात. ४केवर स्केल २०० टक्के ठेवायचं. उंची तीच राहते आणि अक्षराच्या वाट्याला चौपट पिक्सेल येतात. १९२० × १२०० चं पॅनेलही अशा कामाला उत्तम, कोष्टकाच्या चार-सहा ओळी जास्त मावतात. चित्रपट लावला की वर आणि खाली साठ-साठ ओळी रिकाम्या जातात, एवढंच. जुन्या ४:३ एक्सजीएवर तोच चित्रपट ७६८ पैकी ५७६ ओळींतच उरतो.

राहता राहिला फोकस. यंत्र चालू केल्या केल्या फोकस लावला तर तो टिकत नाही. लेन्स तापते आणि चित्र किंचित हलतं. वीस-तीस मिनिटं चालू द्यावं, मग अक्षरांनी भरलेलं पान लावावं, मधोमध आणि चारही कोपऱ्यांत. कडी फिरवणारा एक आणि पडद्याशी उभा राहून सांगणारा दुसरा, अशी दोन माणसं असली तर पाच मिनिटांत होतं. फक्त मध्याकडे बघून लावलेला फोकस कोपऱ्यांत बहुधा सुटतो, म्हणून मध्य आणि कड यांच्या साधारण मधल्या अक्षरांवर तो धरावा, आणि कोपऱ्यातला ध वाचता येतोय का ते शेवटी बघून घ्यावं.